निर्यात आणि घरची बाजारपेठ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर यांनी १९६० नंतर निर्यातीच्या बळावर दारिद्र्य मागे टाकले. घरची बाजारपेठ लहान असल्याने त्यांना गत्यंतरही नव्हते. १९७८ नंतर विशाल चीननेही तोच मार्ग धरला. परंतु २००८ मध्ये पाश्चात्त्य देशांची मागणी आटली आणि चीनच्या किनाऱ्यावरील लक्षावधी मजूर बेकार होऊन गावी परतले. सरकारने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. तिचा मोठा भाग रेल्वे, रस्ते आणि बांधकामांकडे गेला. घरोघरचा खर्च त्या मानाने वाढला नाही.

याचे एक कारण ‘हुकोऊ’ ही नोंदणीपद्धती. खेड्यातून शहरात आलेल्या मजुरास तेथील शाळा, उपचार आणि निवृत्तिवेतन यांचा लाभ पुरता मिळत नसे. दुखण्याची आणि म्हातारपणाची धास्ती असलेला माणूस पैसा खर्च करीत नाही, गाठीला बांधतो.

निर्यात सोडावी, असे माझे म्हणणे नाही. यंत्रे आणि खनिज तेल आणण्यास परकीय चलन हवेच. परंतु त्या कमाईतून कामगाराचे आयुष्य निर्धास्त झाले, तरच तो ग्राहक होतो आणि परदेशी मागणी ओसरली तरी कारखाना तग धरतो. परप्रांतात संसार थाटलेल्या आपणांस हे सहज पटावे. मुलांच्या शाळेची आणि आजारपणातील उपचारांची सोय दिसल्यावरच आपण येथे घरे मांडली. आज आपल्या शहरात नव्याने येणाऱ्या मजुरासही तीच खात्री लाभावी, एवढे मागून मी आपली रजा घेतो.