लंडनहून सिडनीला, मुंबईमार्गे



तंजावूरकरांना लांबच्या प्रवासाचे माहात्म्य सांगावयास नको. सरफोजी महाराजांनी १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यानिशी काशीची यात्रा केली. यात्रेचे पुण्य तीर्थाइतकेच वाटेतही असते, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्याचे मर्मही वाटेतच आहे.

रॅलीमध्ये मोटारी एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक सोडली जाते. वाटेत तपासणीची ठाणी असतात. तेथे नेमल्या वेळेपेक्षा जितका उशीर, तितके दंडाचे गुण. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी. चालकाशेजारी बसलेला सहकारी नकाशा आणि घड्याळ सांभाळतो. रस्ता पक्का असेलच असे नाही. पुष्कळदा तो नसतोच.

या खेळाचा आरंभ १९०७ साली झाला, असे म्हणता येईल. पॅरिसच्या एका वृत्तपत्राच्या आवाहनावरून त्या वर्षी १० जून रोजी पाच वाहने पेकिंगहून पॅरिसला निघाली. गोबीचे वाळवंट आणि सैबेरिया ओलांडून इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेझे दोन महिन्यांनी पॅरिसला प्रथम पोहोचला. मोटार ही केवळ श्रीमंतांची हौस नसून ती दूरच्या प्रवासाला उपयोगी पडते, हे त्या प्रवासाने पटवून दिले.

आपल्या देशाला या खेळाचे जवळून दर्शन घडले ते १९६८ साली. २४ नोव्हेंबर रोजी लंडनहून ९८ मोटारी सिडनीला जाण्यासाठी निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड, दिल्ली, आग्रा, इंदूर असा मार्ग कापीत त्यांपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या. रस्त्यांच्या दुतर्फा माणसांची दाटी झाली होती. मुंबईत आघाडीवर रॉजर क्लार्क होता. तेथून मोटारी जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि पुढे त्या देशाच्या ओसाड मुलखाने क्लार्कच्या मोटारीला जेरीस आणले.

शेवटच्या टप्प्यात ल्युसियां बियांकीची मोटार अग्रस्थानी होती. सिडनी हाकेच्या अंतरावर आले असता समोरून आलेल्या मोटारीशी तिची टक्कर झाली. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने जिंकण्याची आशा सोडली आणि तो मदतीला थांबला. विजय मिळाला अँड्र्यू कॉवनच्या साध्या, कौटुंबिक हिलमन हंटरला. तिचा दंड ५० गुणांचा, हॉपकर्कचा ५६. एवढ्या मोठ्या प्रवासाचा निकाल अवघ्या सहा मिनिटांनी लागला! सिडनी गाठणाऱ्या मोटारी ५६ होत्या.

पुढे १९७७ साली एका स्पर्धेत थिएरी साबीन हा फ्रेंच तरुण लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. तो कसाबसा वाचला, परंतु त्या वाळवंटाने त्याला भारून टाकले. डिसेंबर १९७८ मध्ये त्याने पॅरिस ते डकार ही स्पर्धा सुरू केली. १९८६ साली त्याच स्पर्धेच्या वेळी हेलिकॉप्टरच्या अपघातात त्याचा अंत झाला. स्पर्धकांबरोबरच वाटेवरच्या गावांतील निरपराध माणसेही या स्पर्धेत बळी पडली आहेत. २००८ ची स्पर्धा सुरक्षिततेच्या कारणास्तव रद्द करावी लागली. पुढे ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरू लागली.

मग या खेळाचे आकर्षण कशात आहे? यंत्राने जग जवळ आणले. परंतु अंतर म्हणजे काय, याचा विसरही त्यानेच पाडला. रॅली ती आठवण परत देते. तेथे वेगापेक्षा चिकाटी आणि ताकदीपेक्षा समज उपयोगी पडते. मात्र ज्या गावातून आपण धुरळा उडवीत जातो, ते कोणाचे तरी घर आहे, हे भान सुटले की साहस उरत नाही. उरतो तो केवळ उद्दामपणा. म्हणूनच त्या १९६८ च्या स्पर्धेतील विजेत्याइतकाच, वाटेत थांबणारा हॉपकर्कही मला स्मरणीय वाटतो.