कोर्टाची बेअदबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या दिवशी कायद्यासारखा रुक्ष विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. चिटणीसबाईंनी मला वारसाहक्कावर बोलायला सुचविले होते. परंतु त्यावर आता पुष्कळ बोलले जाते. हातातला न्याय्य दावा केवळ तोंडामुळे अडचणीत कसा येतो, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मी विषय बदलून घेतला.

कोर्टाची बेअदबी म्हटली की काहीतरी मोठा दंगा आपल्या डोळ्यांपुढे येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला, ते तुम्ही वाचले असेलच. गवईंनी शांतपणे काम पुढे चालविले. त्या वकिलाची सनद मात्र तडकाफडकी स्थगित झाली. पण असले प्रकार विरळा. मी रोज पाहते ती बेअदबी साध्या, संसारी बायकांच्या तोंडून, संतापाच्या भरात होते.

माझ्याकडे एक अशील होत्या. नवऱ्याने नऊ महिने खावटीचा पैसा दिलेला नव्हता. उलट थोरल्या मुलीचा ताबा मिळावा म्हणून त्यानेच अर्ज केला होता, आणि बायको भांडकुदळ आहे हे त्यातले मुख्य म्हणणे. पाचव्या तारखेला समोरच्या वकिलांनी पुन्हा मुदत मागितली, ती मिळाली. बाई पहाटेच्या एस.टी.ने आलेल्या, दिवसाचा रोज बुडालेला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “पैसे खाऊन तारखा देता तुम्ही!”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. बाईंना पट्टेवाल्याजवळ बसवून ठेवले. न्यायासनाचा बुद्ध्या अपमान केला तर भारतीय न्याय संहितेच्या २६७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपमान समोरच घडला असेल तर कोर्ट उठण्यापूर्वी त्याच दिवशी हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तो न भरल्यास महिन्यापर्यंत कैद सांगण्याचाही अधिकार न्यायाधीशांना आहे. माफी मागितली तर सोडून देण्याची सोयही कायद्यानेच ठेवली आहे. बाईंनी माफीनामा लिहून दिला, तो स्वीकारला गेला, आणि संध्याकाळी त्या घरी गेल्या.

तुम्ही म्हणाल, मग बिघडले काय? बिघडले ते पुढे. ते वाक्य रोजनाम्यात उतरले होते. मुलीच्या ताब्याच्या कामात उलटतपासाला त्या उभ्या राहिल्या, तेव्हा समोरच्या वकिलांनी तोच कागद काढला. “भर कोर्टात तुम्ही असे बोललात, हे खरे ना?” खोटे कसे म्हणणार? नवऱ्याला जे सिद्ध करायला साक्षीदार मिळत नव्हते, ते यांनी स्वतःच्या तोंडाने दिले होते. मुलगी अखेर आईकडेच राहिली. पण त्या निकालापर्यंतचे महिने त्या माउलीने कसे काढले, ते मी पाहिले आहे.

दुसरा एक प्रकार आहे, आणि बायकांना तो गुन्हाच वाटत नाही. कोर्टाने ठरवून दिलेल्या रविवारी मुलाला बापाकडे पाठवायचे नाही, “माझे मूल, मी बघेन.” हेतुपुरस्सर हुकूम मोडणे किंवा कोर्टाला दिलेली हमी मोडणे, हाही १९७१ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाचा अवमानच. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हुकूम चुकीचा वाटला तर तो बदलून मागावा, तोवर पाळावा.

याचा अर्थ न्यायाधीशापुढे मान खाली घालून गप्प बसावे असा कोणी घेईल, तर मला ते मुळीच मान्य नाही. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांनी लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. त्याआधी टिळक बोलले, ते अगदी थोडे: ज्यूरीने काही ठरविले तरी मी निर्दोष आहे, आणि या न्यायालयाहून वरची एक सत्ता आहे, अशा आशयाचे. त्यात एकही अपशब्द नव्हता. त्याच कोर्टाच्या दाराशी ते शब्द कोरून लावले गेले, आणि १९५६ साली त्या फलकाचे अनावरण केले खुद्द मुख्य न्यायाधीश छागलांनी!

गांधीजींवर तर बेअदबीचाच खटला झाला. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांचे सत्याग्रही वकिलांविषयीचे एक पत्र त्यांनी १९१९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापले आणि त्यावर टीका केली. हायकोर्टाने माफी मागायला सांगितले, त्यांनी नम्रपणे नाकारले. शिक्षा होईल ती सोसण्याची तयारी ठेवली. मार्च १९२० मध्ये कडक समज देऊन कोर्टाने प्रकरण मिटविले. अर्थात गांधीजींना घरी मुलीच्या ताब्याची काळजी नव्हती, हेही लक्षात घ्या!

मग राग आला तर करावे काय? निकाल पटला नाही तर अपील आहे. न्यायाधीशांवर विश्वासच उरला नाही, तर काम दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावे असा अर्ज करता येतो. खालच्या न्यायाधीशाच्या वागण्याविषयी हायकोर्टाकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार अवमान ठरत नाही, असे १९७१ चा कायदाच म्हणतो. निकाल लागून गेल्यावर त्यावर रास्त टीका करणे हाही अवमान नव्हे. मात्र चौकात उभे राहून, किंवा आजकाल मोबाईलवर, “न्यायाधीश विकला गेला” असे लिहून चार गटांत पाठविणे म्हणजे तक्रार नव्हे. आणि ते पुसून टाकले म्हणून नाहीसे होत नाही. दुसऱ्या कोणीतरी ते जपून ठेवलेलेच असते.

तक्रारीत तारीख, कामाचा नंबर आणि प्रत्यक्ष काय घडले एवढेच लिहावे. आपल्याला काय वाटले, ते वकिलाला सांगावे. तारखांनी जीव मेटाकुटीला आला असेल, तर काम लवकर चालवावे म्हणून अर्ज द्यावा. माझ्या अशीलबाईंच्या वतीने पुढे तोच दिला. आपल्याकडच्या खालच्या कोर्टांत तो मराठीतही चालतो.