मोड टाकण्याआधी

जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्यांना चांगलाच धक्का बसला. ‘कर्सफोर्ज’ या नावाजलेल्या संकेतस्थळावरच्या काही मोडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हा घातक प्रोग्रॅम सापडला. ब्राउझरमधली लॉगिनची माहिती तो चोरायचा आणि संगणकावरच्या इतर जार फाइलींतही (जावा प्रोग्रॅमच्या फाइलींत) शिरायचा.

मोड म्हणजे खेळाडूंनीच खेळात घातलेली भर. पण जावा भाषेत लिहिलेला मोड हा संगणकावर चालणारा प्रोग्रॅमच असतो, त्यामुळे तो नुकसानही करू शकतो.

म्हणून मोड मूळ निर्मात्याच्या पानावरूनच घ्यावा. खेळाच्या आवृत्तीशी तो जुळतो का, हे पाहावं. मोड टाकण्याआधी खेळाच्या ‘सेव्ह्ज’ फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी. महिनोन्‌महिने खपून उभारलेलं जग त्यातच असतं. मोड एकेक करून टाकावेत, म्हणजे खेळ बंद पडला तर कारण लगेच सापडतं.

आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा मोड? तो सरळ डिलीट करावा.