बचाव बोटीची इंधन टाकी : हवेला वाट, पेट्रोलला जागा



घनसावंगी परिसराचा दक्षिण काठ गोदावरीचा आहे. जोगलादेवी, मंगरूळ आणि राजाटाकळी येथील उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे नदीचे पाणी पात्रात अडू लागले आणि काठच्या शेतीला त्याचा आधार मिळाला. वरच्या अंगास पैठण येथे जायकवाडी धरण आहे. 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व 1976 मध्ये ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. धरण काठोकाठ भरलेले असताना वरून लोंढा आला, की दरवाजे उघडणे अपरिहार्य होते. ऑगस्ट 2006 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2025 मध्ये गोदाकाठच्या गावांनी त्याचा अनुभव घेतला. अशा वेळी वेढलेल्या वस्तीपर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे मागील फळीवर इंजिन बसविलेली लहान बोट.

बोटीच्या इंजिनाची काळजी सहसा घेतली जाते. इंधनाच्या टाकीकडे मात्र दुर्लक्ष होते. फायबरच्या बोटीत टाकी तळाशी पक्की बसविलेली असते. ती भरताना पेट्रोल तोंडातून उसळून बाहेर येते किंवा पंपाचे नोझल वारंवार आपोआप बंद पडते. भरणारा समजतो की टाकी भरली. प्रत्यक्षात ती अर्धीच असते, आणि ही गोष्ट ध्यानात येते ती प्रवाहाच्या मध्यावर. बोटीतील माणसांच्या दृष्टीने हा क्षुल्लक बिघाड नव्हे.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. रिकामी टाकी खरोखर रिकामी नसते. तिच्यात हवा असते. जितके पेट्रोल आत जाईल तितकी हवा बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी टाकीपासून बोटीच्या बाहेरील बाजूपर्यंत एक बारीक नळी नेलेली असते. ती तुंबली, की कोंडलेली हवा भरणनळीतूनच परत फिरते आणि पेट्रोलला वर ढकलते. नोझलच्या टोकाशी एक लहान छिद्र असते. ते पेट्रोलने झाकले गेले, की आतील झडप मिटते. टाकी भरली आहे की पेट्रोल नुसते उसळले आहे, हा भेद नोझलला कळत नाही.

हवेची नळी तुंबण्याची कारणे अगदी साधी असतात. वर्षातील बहुतेक दिवस बोट शेडमध्ये उभी राहते. त्या काळात कुंभारीण माशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर करते, कोळी जाळे विणतो, धूळ साचते. कधी नळी मध्येच झोळासारखी लोंबते. त्या झोळात पेट्रोल साचून हवेची वाट अडते. कधी सामानाखाली ती दबून चपटी होते. भरणनळीला टाकीकडे पुरेसा उतार नसला किंवा जुन्या रबराचा आतील थर सुटून आत लोंबू लागला, तरीही हाच त्रास होतो. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. जुने रबर इथेनॉलने फुगते व मऊ पडते. म्हणून जुन्या नळ्यांची तपासणी आता अधिक अगत्याची झाली आहे.

दोष शोधण्याचा क्रम सोपा आहे. बोट मोकळ्या जागेत, सपाट उभी करावी. इंजिन थंड आणि बॅटरीची जोडणी सुटलेली असावी. प्रथम हवेच्या नळीचे बाहेरील तोंड साफ करावे. तेवढ्याने भागले नाही, तर नळी टाकीजवळ सोडवावी व थोडेसेच पेट्रोल सावकाश ओतून पाहावे. ते सुरळीत गेले तर दोष हवेच्या नळीत आहे. तरीही उसळले तर भरणनळी तपासावी. सुटी केलेली नळी सायकलच्या पंपाने फुंकून मोकळी करता येते. टाकीला जोडलेल्या अवस्थेत तिच्यात दाबाची हवा मुळीच सोडू नये, आणि पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये.

रबरी बोटीत बहुधा सुटी टाकी असते. तिच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला, तर इंजिन काही वेळ चालते व मग घुसमटून थांबते. झाकण सैल करताच ते पुन्हा चालू लागले, तर दोष तेथेच आहे असे समजावे. ही टाकी बोटीत ठेवून भरू नये. जमिनीवर उतरवून भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. भरताना माणसे दूर असावीत, विडी-सिगारेट वर्ज्य असावी आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. टाकी काठोकाठही भरू नये. 24 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापले, की ते सुमारे अर्ध्या लिटरने वाढते. त्या वाढीला जागा हवी.

ही कामे पूर आल्यावर करावयाची नव्हेत. मृगाचे नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक बोटीची टाकी एकदा मापाने भरून पाहावी, किती लिटर पेट्रोल गेले ते नोंदवहीत लिहावे आणि टाकीवर छापलेल्या क्षमतेशी ताडून पाहावे. आकडे जुळले नाहीत, तर दुरुस्तीला हाताशी वेळ असतो. नोझल बंद पडले म्हणजे टाकी भरली, असे मानण्याऐवजी हा आकडा पाहण्याची सवय गावोगावच्या बचाव पथकांना लागली, तर पुरात निघालेली बोट माणसे घेऊन काठाला परतेल.