चांगला हात बांधून ठेवायचा

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. विषय दोन आहेत. पहिला, मोठ्या आणि हुशार कंपन्यांना नवी गोष्ट का जमत नाही. दुसरा, मेंदूला इजा झाली की माणूस परत बोलायला कसा शिकतो. मी डॉक्टर नाही, मॅनेजमेंटचा प्राध्यापकही नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. पण गेल्या वर्षी हे दोन्ही विषय एकाच वेळी माझ्या घरात शिरले, म्हणून बोलावंसं वाटलं.

सुरुवात ऑफिसपासून करतो. आमच्या टीमचा एक मोठा ग्राहक आहे. निम्म्याहून जास्त पैसा त्याच्याकडून येतो, त्यामुळे त्याचं तिकीट आलं की बाकी सगळं बाजूला. एका सहकारी मुलीने लहान दुकानदारांसाठी एक साधं, स्वस्त टूल बनवून दाखवलं होतं. मीटिंगमध्ये प्रत्येक वेळी एकच निर्णय व्हायचा, ‘छान आहे, पुढच्या तिमाहीत बघू.’ हे म्हणणाऱ्यांत मीही होतो. ती शेवटी नोकरी सोडून गेली. तेव्हा मी क्लेटन ख्रिस्टेन्सेन वाचायला घेतला.

ख्रिस्टेन्सेन हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक. ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ हे त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. अभ्यासाला त्यांनी हार्ड डिस्कचा धंदा निवडला. त्याचं कारण मजेशीर आहे. आनुवंशिकतेचे अभ्यासक फळमाश्यांवर प्रयोग करतात, कारण माश्यांच्या पिढ्या भराभर बदलतात. एका मित्राने त्यांना सुचवलं की उद्योगातली फळमाशी म्हणजे हार्ड डिस्क. आणि खरंच, १४ इंची डिस्क मोठ्या मेनफ्रेमसाठी होती, मग ८ इंची आली मिनीकॉम्प्युटरसाठी, मग ५.२५ इंची डेस्कटॉपसाठी, मग ३.५ इंची हातात नेता येणाऱ्या कॉम्प्युटरसाठी. आकार बदलला की बऱ्याचदा आधीच्या आघाडीच्या कंपन्या मागे पडत.

का? त्यांच्याकडे इंजिनिअर नव्हते का? होते की. सीगेटचंच बघा. १९८५ मध्येच त्यांच्या इंजिनिअरांनी ३.५ इंची डिस्कचे नमुने तयार केले होते. ते जुन्या ग्राहकांना दाखवले. त्या ग्राहकांना हवी होती जास्त जागा आणि प्रत्येक मेगाबाइटमागे कमी किंमत. छोटी डिस्क त्यांच्या कामाची नव्हती. काम थांबलं. मग सीगेट आणि मिनीस्क्राइब या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या लोकांनी कॉनर पेरिफेरल्स काढली आणि तीच छोटी डिस्क कॉम्पॅकला विकली.

ख्रिस्टेन्सेन यांचं म्हणणं असं, की यात कोणी मूर्खपणा केलेला नाही. चांगल्या ग्राहकाचं ऐकलं, जिथे नफा जास्त तिथे माणसं लावली. म्हणजे मॅनेजमेंटच्या वर्गात जे शिकवतात, तेच नीट केलं आणि त्यातूनच नुकसान झालं. त्यांचा उपायही सरळ आहे. नवं काम वेगळ्या, छोट्या गटाकडे द्या. त्याला स्वतःचे ग्राहक असू देत. छोटी ऑर्डर मिळाली तरी ज्यांना आनंद होईल, असा तो गट हवा. मोठ्या टीमच्या कुशीत ठेवलंत तर ते उपाशी राहणार.

दुसरी बाजूही सांगतो. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये या सिद्धांताची चांगलीच चिरफाड केली. ज्या सीगेटचं उदाहरण दिलंय ती पुढेही मोठी कंपनीच राहिली, हा त्यांचा एक मुद्दा. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी पुस्तकांतली ७७ उदाहरणं जाणकारांकडून तपासून घेतली, तर सिद्धांताच्या चारही अटींत बसणारी फक्त ९ टक्के निघाली. म्हणजे हा काही न्यूटनचा नियम नाही. पण मी ज्या मीटिंगमध्ये बसलो होतो, तिथे तो तंतोतंत लागू पडत होता.

आता घर. आमचं गाव कराडजवळ. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन काही वर्षं झालीत. गेल्या वर्षी एका सकाळी उठले तेव्हा तोंड थोडं वाकडं होतं आणि उजव्या हातातून चहाचा कप निसटला. आईला वाटलं, रात्री वाकडे झोपले असतील. शेजारचे म्हणाले, अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा. मी फोनवर होतो. मीही म्हणालो, थोडी विश्रांती घेऊ दे, संध्याकाळी बघू. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती.

तुमच्यासाठी हे नीट सांगतो. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेलाय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचा वेळ निघून गेला होता. मी रोज सर्व्हर किती मिलिसेकंदात उत्तर देतो ते मोजतो, आणि त्या सकाळी घड्याळाकडे बघितलं नाही.

बाबांचा जीव वाचला, पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले अफेजिया, म्हणजे वाचाघात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी असाच एक रुग्ण तपासला होता. त्याला समजायचं पुष्कळ, पण तोंडातून ‘तां’ एवढंच निघायचं. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर इजा डाव्या बाजूला पुढच्या भागात होती. बाबांचंही तसंच. समजतं सगळं, राग येतो, लाज वाटते, फक्त शब्द हाताला लागत नाही. लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे, मोठ्या आवाजात. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आणि याच दिवसांत मला कळलं, की ख्रिस्टेन्सेन यांनाही जुलै २०१० मध्ये स्ट्रोक झाला होता. वय ५८. ज्यांचं आयुष्य वर्गात बोलण्यात गेलं, त्यांची वाचा गेली. शब्द एकेक करून परत मिळवावे लागले. ते परत वर्गात उभे राहिले, २०१२ मध्ये दोन सहलेखकांबरोबर ‘हाउ विल यू मेजर युअर लाइफ?’ लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये ते गेले. मी त्यांचं पुस्तक ऑफिससाठी वाचत होतो, ते अचानक घरचं झालं.

आमच्या फिजिओंनी बाबांच्या हाताबद्दल एक गोष्ट सांगितली. एडवर्ड टॉब नावाचे अमेरिकन संशोधक. त्यांनी माकडांवरच्या प्रयोगांत पाहिलं, की एका हाताची संवेदना गेली की माकड तो वापरायचं सोडून देतं, पण चांगला हात बांधून ठेवला की अधू हात वापरायला लागतं. म्हणजे अधू हात पूर्ण निकामी नव्हता. सुरुवातीला वापरून जमलं नाही, चांगल्या हाताने भागलं, आणि न वापरण्याची सवय लागली. यावरून माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हाताला मोजा घालायचा, जागेपणीच्या बहुतेक वेळात, दोन आठवडे, आणि अधू हाताकडून कसून सराव करून घ्यायचा. २००६ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात फायदा दिसला. हात थोडा तरी हलत असेल तरच हे करतात, आणि थेरपिस्टच्या देखरेखीखालीच. घरच्या घरी दोरी घेऊन बसू नका.

बोलण्यासाठीही जर्मनीत असाच प्रयोग झाला. २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांना पत्त्यांसारखा खेळ दिला, मध्ये आडोसा. खुणा करून चालणार नाही, पत्ता हवा तर तोंडाने मागायचा. रोज साधारण तीन तास, दहा दिवस.

हे ऐकलं आणि मला आमचं घर दिसलं. बाबा ‘च... च...’ म्हणेपर्यंत आई चहा आणून ठेवायची. ‘टी...’ म्हणाले की मी टीव्ही लावायचो. बाबांनी नुसतं बोट दाखवलं तरी वस्तू हजर. आमचा रिस्पॉन्स टाइम उत्कृष्ट होता! आम्ही त्यांचा चांगला हात झालो होतो, आणि त्यांचं बोलणं उपाशी ठेवत होतो. सगळं प्रेमापोटी. मीटिंगमध्येही आम्ही सगळे शहाणेच होतो की.

कंपनी म्हणजे मेंदू नव्हे, ही तुलना फार ताणू नका. पण एवढं मला पटलं, की जे दुबळं आहे ते बऱ्याचदा शेजारच्या सशक्ताच्या तत्परतेमुळे दुबळं राहतं. त्याला वाव द्यायचा तर सशक्ताला काही काळ मुद्दाम थांबवावं लागतं. आणि थांबवणं महाग पडतं. चहा गार होतो, तिमाहीचे आकडे खाली येतात.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी नियम दिला. मनात दहा आकडे मोजल्याशिवाय कोणी मदत करायची नाही. तुम्ही करून बघा, समोर बाप घाम पुसतोय आणि तुम्ही सहावर आहात. आई दोनदा उठून आत गेली. मॅडमनी आणखी एक युक्ती सांगितली. पाठ असलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात, आकडे, वार, आरत्या. बाबांच्या काय पाठ असणार? मी म्हटलं, ‘स्वारगेट, कात्रज...’ आणि बाबा अडखळत पुढे निघाले, ‘शिरवळ... सातारा... उंब्रज... कराड.’ पाणी मागता येत नव्हतं त्या माणसाला.

मध्यंतरी त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ‘त्या... त्या...’ चाललं होतं. मी सवयीने वाक्य पूर्ण करायला गेलो. त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, ‘थांब.’ स्पष्ट. मी थांबलो. वाक्य त्या दिवशी पूर्ण झालंच नाही. पण ते त्यांचं राहिलं.

ऑफिसमध्ये मी त्या मुलीला मेसेज केला, चूक झाली म्हणून. ती दुसरीकडे तसंच टूल बनवतेय, खूश आहे. आमच्याकडे आता दोन जण मोठ्या ग्राहकाच्या तिकिटांपासून सहा आठवडे वेगळे ठेवलेत. जमेल का, माहीत नाही.

जाता जाता पाठ करून ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी तेल नाही, झोप नाही, लगेच १०८. आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.