मूत्रपिंडातला पाटकरी



आमचे थोरले बंधू प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. बारा वर्षे त्यांनी मधुमेह अंगावर वागवला. दुखत नाही, खुपत नाही, मग काळजी कसली, असे म्हणायचे. एके सकाळी सुजलेल्या पायांत वहाणा जाईनात. तपासणीत निघाले ते मूत्रपिंडाचे दुखणे. साखर रक्तात आणि बिघाड तिथे, हे कसे? मी काही डॉक्टर नव्हे, मास्तरच. पण तेव्हापासून पुस्तकांतून हा प्रश्न उकलत आलो.

एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. कालव्याचे पाणी जसे पाटकरी सोडतो, तसे इथे रक्त सोडणाऱ्यांपैकी एक आहे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. रक्तवाहिनीचे अस्तरच तो बनवते. टिकतो काही क्षण. पण तेवढ्यात भोवतालचा स्नायू सैल पडून वाहिनी रुंदावते. गंमत पाहा, आल्फ्रेड नोबेलने ज्या नायट्रोग्लिसरीनचे डायनामाइट केले, तेच हृदयविकारावर याच वायूच्या द्वारे गुण देते; आणि या वायूविषयीच्या शोधांसाठी १९९८ साली फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांना नोबेलच्याच नावाचे पारितोषिक मिळाले.

मधुमेहात आधी गाळणीत शिरणारी वाहिनी फाजील रुंदावते. त्यात या वायूचाही हात असावा असे मानतात. दाब वाढतो, गाळणी जादा राबते, आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे. साखर वर्षानुवर्षे चढती राहिली, की सुपरऑक्साइड नावाचे जहाल कण वाढतात. ते नायट्रिक ऑक्साइडला जागीच गाठून संपवतात, आणि दोहोंच्या संयोगातून तिसरेच दाहक द्रव्य होते. त्याहून वाईट म्हणजे, वायू बनवणारे एन्झाइमच बिघडून सुपरऑक्साइड बनवू लागते. पाटकरीच पाट फोडायला लागला म्हणा ना! अस्तर दुखावते, गुच्छ निबर होतो, आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपते. सगळा दोष या एका वायूचा नव्हे, वाढलेला रक्तदाबही साथीला असतोच.

झिरपणे सुरू होते तेव्हा काहीच दुखत नाही. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवरही ते बहुधा दिसत नाही. म्हणून मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनीन प्रमाणाची तपासणी मागून घ्यावी. बारा वर्षांत आमच्या बंधूंची ती एकदाही झालेली नव्हती.