टेन्शन : एका नामाची मराठी वाटचाल
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी 'मराठीचे भवितव्य' यावर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र एकाच शब्दाविषयी बोलणार आहे, आणि तोही इंग्रजी : टेन्शन.

इंग्रजीत या नामाचा संसार निराळा आहे. तारेचा ताण, दोन राष्ट्रांमधील तणाव, आणि विजेच्या मनोऱ्यांवरील 'हाय टेन्शन' म्हणजे उच्च दाब. मुलाला ताप आला म्हणून तिकडची आई 'मला टेन्शन आले' असे सहसा म्हणणार नाही. ती 'वरी' म्हणेल. आपल्याकडे मात्र तो थेट काळजात उतरला. या आपल्या हैदराबादेत तेलुगू शेजारी टेन्शन 'पडतात', उर्दू-हिंदी बोलणारे ते 'लेते हैं', आणि आपण मराठी माणसे ते घेतो, देतो, शिवाय आपल्याला ते येतेही. नाम उसने, क्रियापदे ज्याची त्याची!

तसा तो अगदी परकाही नव्हे. ताणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला, आणि संस्कृतातील 'तन्' हा धातू त्याच कुळातला. आपले ताण, तंतू, गवयाची तान ही त्याची दूरची भावंडेच. तेव्हा त्याला हाकलून द्या, असे मी म्हणणार नाही.

माझी तक्रार अशी, की या एका पाहुण्याने घरातील अनेकांच्या जागा अडवल्या आहेत. घरभाडे थकते ती विवंचना. निकाल लागायचा असतो तेव्हा हुरहूर. तो वाईटच लागणार असे वाटले की धास्ती. दोन मैत्रिणींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे कळेनासे झाले की घालमेल. वडिलांच्या अपेक्षांचे ते दडपण. दहावीतली मुलगी 'टेन्शन आलंय' म्हणते, तेव्हा यांतले नेमके काय, हे आईला कसे उमगावे? हुरहुरीला सोबत पुरते. दडपण मात्र ज्यांनी घातले त्यांनाच उतरवावे लागते. 'टेन्शन घेऊ नकोस' हे उत्तर दोन्हींना सारखेच निरुपयोगी. पालकहो, त्या वेळी एवढेच विचारून पाहा : 'धास्ती वाटते, की दडपण आलंय?'

आणि काळजी! चिंता आणि जपणूक हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. परगावी निघालेल्या मुलाला आई गाडीच्या खिडकीतून एका दमात सांगते, 'काळजी करू नकोस, काळजी घे.' 'टेन्शन घे' असे कोणी कोणाला मायेने सांगितल्याचे अजून तरी ऐकिवात नाही.